आपल्याच माळावर गाईड कशाला?

आमच्या घरात ‘शिकारीला जाणं’ हा शब्द अजून चालतो, फक्त त्यात आता बंदूक नसते. शिकारबंदीचा कायदा आला तशी वडलांनी बंदूक जमा केली, आणि त्यानंतर शिकारीला जाणं म्हणजे माळावर जाऊन हरणं बघणं, एवढंच उरलं. तेही हळूहळू बंद झालं. वडील गेले, मी लग्न होऊन नाशिकला गेले, दादा रेल्वेत लागला. नोकरी संपल्यावर तो केडगावला स्टेशनजवळ घर बांधून राहिला. मी इकडे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. निवृत्त झाले, पण आवाज तोच राहिलाय असं घरचे म्हणतात.

या थंडीत दादाचा फोन आला. ‘शालू, हरणं बघायला जायचं म्हणतोय. येतीस का?’

मी उडालेच. कारण दादाचे डोळे. दोन्ही डोळ्यांतलं मधलं दिसणं गेलंय, पडद्याचा आजार. समोरच्या माणसाकडे बघितलं तर तोंडाच्या जागी करडा धब्बा, आणि कडेकडेनं मात्र दिसतं. ‘तुझं तोंड दिसत न्हाई, कान तेवढे दिसत्यात,’ असं तो मला हसत हसत सांगतो. आता काचबिंदूही निघालाय, तो कडेनं आत शिरतोय. आहे तेवढं तरी टिकेल याची खात्री डॉक्टर देत नाहीत. त्याला जे काय बघायचं होतं ते या थंडीतच बघायला हवं होतं, आणि सगळ्या जगात त्याला बघायचं होतं ते आमच्या माळावरचं हरीण, पळताना.

जायचं ठरलं आणि लगेच भांडण झालं. माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, पुण्याला असतो. त्यानं परस्पर एक सफारी ठरवून टाकली. जीप, गाईड, दुर्बीण, सगळं काही. मला ते पटलं. डोळ्यांनी अधू माणसाला घेऊन रानात जायचं तर सोबत जाणतं कुणीतरी नको का? दादाच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या.

‘आपल्याच माळावर गाईड? उद्या घरातली मोरी कुठं हाय ते पण गाईडला विचारायचं का?’

शेवटी तोड निघाली. एक दिवस गाईडबरोबर, एक दिवस आपलं आपण. मी पिशवी भरली आणि निघाले.

गवताच्या रानात

वनखात्याचं ते रान दौंडच्या बाजूला आहे. नावाला डोंगर नाही, झाडं म्हणाल तर बोरी-बाभळी, आणि बाकी सगळं गवत. ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांना वाटेल, यात बघायचं काय? मलाही नाशिकला राहून राहून तसंच वाटायला लागलं होतं. पण पहाटेच्या उन्हात ते वाळकं गवत पिवळं झालं, वाऱ्यानं एका बाजूला झुकलं, आणि कुसळं साडीच्या काठात शिरली, तशी मी एकदम परकर-पोलक्यातली झाले. शाळेतून आल्यावर आई आम्हाला ओट्यावर बसवून कुसळं वेचायची आणि शिव्या घालायची. त्या शिव्या आठवून मला जीपमध्येच हसू यायला लागलं.

आमची गाईड संगीता नावाची बाई होती. जवळच्याच वस्तीवरची. साडीवर खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण, आणि बोलणं अगदी हळू. तिनं चंडोल दाखवला, धाविक नावाचा पक्षी दाखवला, उन्हाला बसलेलं खोकड दाखवलं. मग जीप थांबवून कुजबुजली, ‘दोन वाजता बघा, दोन वाजता!’

‘दोनपत्तुर काय हितंच बसायचं?’ दादा म्हणाला.

मागच्या सीटवरचे पुण्याचे लोक फिस्सकन हसले. संगीतानं न हसता समजावलं, की गाडीचं तोंड म्हणजे बारा धरायचं आणि घड्याळाच्या काट्यासारखं दोनच्या दिशेला बघायचं. तिथं, लांब, बांधाच्या रेघेवर, चिंकारे होते. तांबूस अंग, सरळ उभी शिंगं. मला चष्म्यातून जेमतेम दिसले. पुण्याच्या लोकांच्या भल्याथोरल्या कॅमेऱ्यांची कटकट सुरू झाली.

संगीतानं दुर्बीण दादाच्या हातात दिली. त्यानं ती डोळ्याला लावली आणि बरोबर त्या दिशेला धरली.

‘दिसले, आबा?’

‘व्हय, व्हय. झकास दिसत्यात.’

मला कळलं, तो खोटं बोलतोय. तो समोर बघत होता, आणि समोर त्याला काही दिसतच नाही. काही दिसायचं असेल तर त्याला मान बाजूला करावी लागते. मी संगीताला म्हटलं, थोडं पुढं घेता येईल का हो गाडी? ती म्हणाली, ‘न्हाई ताई, पिल्लं हायेत संगं. जवळ गेलं की धावून धावून दमत्यात.’ तिचं बरोबर होतं. वसतिगृहात मीही नियमाला धरूनच वागले जन्मभर.

परत आल्यावर टपरीवर चहा घेताना मी त्याला धरला. ‘लबाडा, काय दिसलं तुला?’

‘काय बी न्हाई.’

‘मग झकास झकास काय करत होतास?’

‘ती बाई एवढी जीव तोडून दाखवत हुती. तिला न्हाई कसं म्हणायचं?’ त्यानं बशीत चहा ओतला आणि फुंकत राहिला. मला त्याचा रागही आला आणि मायाही आली. चहाचा कप तसाच ठेवून मी गाडीत जाऊन बसले.

आपलं आपण

दुसऱ्या दिवशी भीमेचा पूल ओलांडून आम्ही शिरूर तालुक्यात शिरलो. वडगाव रासाई आमचं मूळ गाव. तिथं चुलतभावाचं घर आहे, पण चुलतभाऊ साखर कारखान्याच्या कामात बुडालेला, घरी फक्त सुमनवहिनी. तिच्याकडे पिशव्या टाकल्या आणि लगेच माळाच्या वाटेला लागलो. गाडी मी चालवत होते, वाट दादा सांगत होता. म्हणजे ज्याला दिसत होतं त्याला वाट माहीत नव्हती, आणि ज्याला वाट माहीत होती त्याला दिसत नव्हतं. ही आमची आपलं आपण सफारी.

‘पिंपळ आला का? पिंपळाच्या डाव्या अंगानं घे.’

‘पिंपळ नाहीये.’

‘मग चिंच तरी आसंल.’

‘दादा, इथं ऊस आहे. डावीकडं ऊस, उजवीकडं ऊस, आणि पुढं प्लॉट पाडल्याची पाटी आहे.’

त्यानं काच खाली केली. मग म्हणाला, ‘सरळ घे. माळ कुठं जातोय?’

माळ कुठं गेला होता ते लवकरच कळलं. रस्ता संपला एका कंपनीच्या गेटवर. लांबच लांब भिंत, वर काटेरी तारा, आत पत्र्याच्या शेड. दादा खाली उतरला, हवेत नाक करून उभा राहिला आणि म्हणाला, ‘हाच. ह्याच चढाला कळप उभा राहायचा. वडील हितं पालथं पडायचे, आन् आमी मागं.’

तेवढ्यात आतून वॉचमन आला. बिहारकडचा असावा. ‘किससे मिलना है, बाबूजी?’

‘हरणांना,’ दादा शांतपणे म्हणाला.

‘हिरन?’ त्यानं कानटोपी वर केली. ‘कौन से डिपार्टमेंट में हैं?’

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसले. दादाही हसायला लागला, आणि मग तो वॉचमनही, कशाला हसतोय ते न कळता. फार भला माणूस. त्यानं आम्हाला पाणी दिलं आणि सांगितलं की भिंतीच्या मागच्या बाजूला कधीकधी ‘सींगवाला बकरी’ दिसते. आम्ही मागच्या बाजूला गेलो. तिथं उसाला सोडलेलं पाणी रस्त्यावर आलेलं, त्यात आमची गाडी रुतली ती रुतलीच. मी चपला हातात घेऊन चिखलात उभी, साडी पोटरीपर्यंत, आणि दादा बांधावर बसून मला सांगतोय, ‘रिव्हर्स टाक, शालू, रिव्हर्स.’ असा संताप आला म्हणता! शेवटी ऊसतोडीचा एक ट्रॅक्टर आला आणि त्यानं ओढून काढलं.

घरी पोचलो तेव्हा वहिनीनं हुलग्याची शेंगोळी केली होती. लसणाचा तो वास ओसरीवरच आला. नाशिकला मीही करते शेंगोळी, पण हुलग्याचं पीठ पाकिटातलं असतं आणि ताटात बसणारी माणसं ‘हे काय सूप आहे का’ विचारतात. इथं भाकरी कुस्करायची, वर रस्सा ओतायचा आणि मान वर न करता खायचं. दादानं पोटभर खाल्लं. मग हात धुता धुता सहज बोलावं तसं म्हणाला, ‘झालं मग. जाऊ उद्या केडगावला.’

त्याचा तो हार मानलेला आवाज मला सोसवेना. आमच्या सगळ्यांत हट्टी हाच. लहानपणी भाकरी गोल नाही म्हणून जेवायचा नाही. मी म्हटलं, उद्या नाही, अजून राहू.

आप्पांकडचे पाहुणे

संध्याकाळी दादा अंघोळीला गेला होता तेव्हा त्याचा फोन वाजला. आप्पांचा. आप्पा म्हणजे दादाच्या बरोबरीचे, लहानपणापासूनचे दोस्त; दादाला ते बाळासाहेब म्हणतात. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आहे, गाई आहेत आणि माळाच्या कडेला थोडं कोरडवाहू रान. आम्ही आल्याचं त्यांना कळलं होतं.

‘शालूताई, बाळासाहेबास्नी सांगा, सकाळच्या पारी आमच्याकडं पाव्हणं येत्यात. लवकर या बरं का. उशीर केला तर जात्याल निघून.’

आता तुम्हीच सांगा. घरात नात लग्नाला आलेली, आणि आजोबा सांगतायत की सकाळी पाव्हणं येत्यात. कुठल्याही शहाण्या बाईनं काय समजावं? मी दादाला सांगितलं, ‘आप्पांच्या नातीला बघायला येणारेत उद्या, आपल्याला बोलावलंय.’ तो म्हणाला, ‘बरं झालं, पोरगी गुणाची हाय.’ वहिनी तर हरखूनच गेली. तिनं पेटीतून नवंकोरं पातळ काढलं, मी गावातून पेढे आणवले.

‘लवकर या’ म्हणाले होते खरे, पण बघायला येणारे पाहुणे सकाळी म्हणजे कधी येतात ते मला चांगलं ठाऊक आहे. नाश्ता उरकून, गजरे माळून, उन्हं चांगली वर आल्यावर आम्ही आप्पांच्या दारात उतरलो. दारात रांगोळी नाही, सतरंजी नाही. आप्पा बनियनवर, खांद्याला घोंगडी, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. नात गोठ्यात शेण भरत होती. आमच्या हातातले पेढे बघून सगळे चकित.

‘कुणाचं लगीन?’ आप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘अहो, पाहुणे येणार होते ना पोरीला बघायला?’

नातीनं घमेलं खाली आपटलं. ‘आप्पा! मला न विचारता?’

‘मी कवा म्हणलो तुला बघायला?’ आप्पा ओरडले. ‘पाव्हणं म्हणलो मी, पाव्हणं! येऊन गेलं की, हरभरा खाऊन! मी वाट बघून बघून दमलो तुमची!’

दादा असा हसला, असा हसला, की त्याला ओट्यावर बसावं लागलं. ‘अगं येडे, पाव्हणं म्हंजी हरणं! शिकारीला जाताना त्यांचं नाव घ्यायचं न्हाई. नाव घेतलं की ती माळ सोडत्यात. वडील, आप्पाचे वडील, हाकारे, समदे पाव्हणंच म्हणायचे.’

‘मला कसं माहीत असणार?’ मी म्हटलं. माझा आवाज चढला. ‘मला कधी नेलं होतं का तुम्ही? एकदा तरी? पहाटे तुम्ही सगळे निघायचा आणि मी अंथरुणात डोळे मिटून पडायचे, मला न्या म्हणून रडले तर वडील म्हणायचे पोरीचं काम नाही. मग मला पाव्हणं म्हणजे बघायला येणारेच कळणार! पोरीला दुसरे कुठले पाहुणे सांगितलेत तुम्ही लोकांनी?’

बोलले आणि माझंच मला वाईट वाटलं. इतकी वर्षं हे आत होतं हे मलाही माहीत नव्हतं. दादा हसायचा थांबला. वहिनी पदराशी चाळा करत राहिली. आप्पांनी डबा खाली ठेवला आणि नातीला चहा टाकायला सांगितलं. पेढे मग आम्ही सगळ्यांनी चहाबरोबर खाल्ले. नातीनं सगळ्यात जास्त खाल्ले.

आप्पांचं हरणांवर अजिबात प्रेम नाही, हे सांगायला हवं. ‘तुमी जीपमधनं बघाय जाता, आन् मी रोज डबा बडवून हाकलतो,’ ते म्हणाले. ‘माळ ऱ्हायला न्हाई, मग खात्याल काय ती? माझा हरभरा. घाटं धरल्यात आत्ता कुठं.’ त्यांच्या रानाला कुंपण नव्हतं आणि घालायची ऐपतही नव्हती. दादानं विचारलं, उद्या पण येतील का? आप्पा म्हणाले, येत्यालच, फुकटचं जेवण कोण सोडतंय? मग त्यांनी दादाच्या डोळ्यांकडे बघितलं, बराच वेळ. ‘बरं,’ ते म्हणाले, ‘उद्याच्याला न्हाई वाजवत डबा. खाऊ द्या.’

हरभऱ्याच्या कडेला

या खेपेला आम्ही अंधारातच गेलो. गजरे नाहीत, पातळ नाही. वहिनीनं दिलेली घोंगडी डोक्यावरून घेऊन मी तुरीच्या ओळीआड बांधावर बसले. माझ्या डाव्या हाताला दादा, त्याच्या पलीकडं आप्पा. थंडी अशी की दात वाजत होते. हरभऱ्यावर दव पडलं होतं आणि त्याचा तो आंबूस वास. लहानपणी आम्ही पहाटे पांढरं फडकं हरभऱ्यावरून फिरवायचो आणि पिळून आंब धरायचो. ते काम मात्र पोरींचं होतं. मी दादाला कानात हे सांगायला गेले तर आप्पांनी हातानंच गप्प केलं.

उजाडू लागलं. समोर रानात काहीच नव्हतं. मी इतकी टक लावून बघत होते की डोळ्यांतून पाणी आलं. मनात म्हटलं, येऊ देत रे बाबा, एकदा येऊ देत. देवाकडे मी सहसा काही मागत नाही, त्या दिवशी मागितलं.

आप्पांनी दादाच्या गुडघ्यावर बोट टेकवलं. ‘आलं,’ ते नुसते ओठांनी म्हणाले.

आणि दादानं मान फिरवली. हरभऱ्याकडून काढली आणि सरळ माझ्याकडं वळवली.

माझा जीव खालीवर झाला. म्हटलं, अरे तिकडं, तिकडं बघ की! बोलायला तोंड उघडलं तर त्यानं माझं मनगट दाबलं. मग माझ्या लक्षात आलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते, तिथं त्याला धब्बा दिसत होता, आणि डोळ्याच्या कडेला, जिथं अजून उजेड शिल्लक आहे तिथं, ती हरणं होती.

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. माझ्या हातभर अंतरावर ते तोंड होतं, पांढरी दाढी वाढलेली, नाकाचा शेंडा थंडीनं लाल. आधी ते ताणलेलं होतं. मग कपाळावरची आठी गेली. ओठ सुटले. भुवया किंचित वर गेल्या, काहीतरी नवीन घडल्यासारख्या, मग पुन्हा खाली आल्या. एकदा तो हसला, आवाज न करता. हा माणूस शिकारीहून घरी यायचा तेव्हा मी त्याचे चिखलाचे पाय बघितलेत, जेवणाचा रिकामा डबा बघितलाय. तिथं माळावर त्याचं तोंड कसं व्हायचं ते मला आज पहिल्यांदा कळत होतं. असाच व्हायचा असेल, भाकरी गोल नाही म्हणून रुसणारा माझा भाऊ. मला त्याच्यावरून नजर काढवेना.

कुठंतरी काहीतरी खडखडलं. वावरातून टापांचा एक झपाटा गेला, दादाचे डोळे माझ्या तोंडावरून कानाकडं, कानावरून पलीकडं सरकत गेले आणि थांबले. त्यानं श्वास सोडला.

‘पळाली,’ तो म्हणाला.

‘दिसली तुला?’

‘दिसली, शालू. आता खरं सांगतोय. एक मागं राहिलं हुतं, बारकं. शेपूट सारखी हालत हुती त्याची. मग आईच्या मागं अशी उडी मारली बघ, बांध पायाला लागू दिला न्हाई.’ त्यानं बाहीनं डोळे पुसले. ‘कसली पळाली! तू काय म्हणतीस, तुझी पयलीच येळ ना? कशी वाटली?’

मी वळून रानाकडं बघितलं. हरभरा अजून हलत होता, बाकी काही नव्हतं. आप्पा वाकून खाल्लेले घाटे चाचपत होते.

‘मी नाही पाहिली,’ मी म्हटलं.

‘म्हंजी? एवढी म्होरं येऊन चरली, आन् पाहिली न्हाईस? मग इतका येळ बघत काय हुतीस?’

‘तुला,’ मी म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं.

तो गोंधळला. माझं मनगट त्याच्या हातात होतं ते त्यानं हलवलं. ‘मला काय बघायचं, येडे?’ दादा म्हणाला. ‘मी कुठं पळतोय?’